‘मया’ गाळलेला कागद

जुलै महिना. पन्हाळ्यावर ढग रस्त्यावरून चालताहेत आणि तुम्ही तीन दरवाजाच्या कमानीखाली थांबला आहात. एका हातात भाजलेलं कणीस, दुसऱ्या हातात फोन. रेंज आली की लगेच जाते. कोल्हापूरच्या एका मैत्रिणीने मोडी कागदाचा फोटो पाठवलाय आणि तो पट्ट्यापट्ट्यांनी वरून खाली उतरतो आहे. आधी कागदाची पिवळी कड, मग वरची आडवी रेघ, मग रेघेला लटकलेली अक्षरं.

त्या संथपणाचा फायदा घ्या. फोनच्या आत काय चाललंय ते एरवी बघायला मिळत नाही.

फोटो येतोय तो शून्य आणि एकांच्या सलग माळेच्या रूपात. माळेतला प्रत्येक शून्य किंवा एक म्हणजे एक टिंब. माळेत कुठेही गाठ नाही. एक चिन्ह कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, याची खूण नाही. वारंवार लागणाऱ्या चिन्हाला दोन-तीन टिंबांचा संकेत, क्वचित लागणाऱ्याला सोळापर्यंत. ही युक्ती डेव्हिड हफमन नावाच्या विद्यार्थ्याची. १९५१ साली अमेरिकेत एमआयटीत प्राध्यापक फानो यांनी वर्गाला सांगितलं होतं, परीक्षा द्या किंवा निबंध लिहा. हफमनने निबंध घेतला आणि सर्वांत आखूड संकेत बनवायची रीत शोधून काढली. पुढच्या वर्षी ती छापून आली. त्या रीतीची खुबी अशी की कोणताही संकेत दुसऱ्या संकेताची सुरुवात नसतो. ‘००’ हा एक संकेत ठरला की ‘००’ने सुरू होणारा दुसरा कुठलाच नसतो. म्हणून गाठी नसल्या तरी माळ सुटते.

सोडवायची कशी? एक टिंब वाचा, शून्य असलं तर डावीकडे, एक असलं तर उजवीकडे, पुन्हा पुढचं टिंब. पन्हाळ्यावर पहिल्यांदा आलेला माणूस असाच हिंडतो. अंबरखाना कुठे? प्रत्येक फाट्यावर थांबून कणीसवाल्याला विचारायचं. पोहोचतो, पण वेळ जातो. फोटोत असे लाखो फाटे असतात. म्हणून फोनमधला प्रोग्राम एक तक्ता आधीच मांडून ठेवतो, २५६ घरांचा. माळेतली पुढची आठ टिंबं एकदम उचलायची, तेवढ्या क्रमांकाच्या घरात डोकवायचं. घरात लिहिलेलं असतं: हे अमुक चिन्ह, आणि तुझी इतकीच टिंबं खर्च झाली, उरलेली परत ठेव. दोन टिंबांचा संकेत असेल तर तो २५६ पैकी ६४ घरांत एकसारखा लिहून ठेवलेला असतो, कारण पुढची सहा टिंबं काहीही असू शकतात. आठ टिंबांच्या संकेताला एकच घर. त्याहून लांब संकेत आला तर मात्र बाजूला घेऊन सावकाश शोधायचं. सोळाही टिंबांचा एकच तक्ता केला असता तर ६५,५३६ घरं लागली असती आणि तो भरण्यातच वेळ गेला असता. जे रोज लागतं ते हाताशी, जे वर्षातून एकदा लागतं ते माळ्यावर, हा हिशेब आपल्याकडच्या कोणत्याही स्वयंपाकघराला पाठ आहे.

आणि हा तक्ता फोटोबरोबर येतो तो पुरा येतच नाही. फाइलीच्या डोक्यावर फक्त सोळा आकडे असतात: एका टिंबाचे संकेत किती, दोन टिंबांचे किती, असं सोळापर्यंत. त्यांच्यापाठोपाठ चिन्हांची यादी. संकेत कुठेच लिहिलेले नसतात. ते क्रमाने कसे वाटायचे हे दोन्ही बाजूंना माहीत असतं, त्यामुळे तक्ता ज्याचा त्याने मांडायचा. काही कॅमेरे तर याहून पुढे जातात. चलच्चित्राच्या प्रत्येक चौकटीबरोबर ते सोळा आकडेही पाठवत नाहीत. नेहमीचाच तक्ता आहे, तुम्हाला ठाऊक असणारच, असं गृहीत धरतात.

हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या. फोटो उतरला आहे.

पाच ओळींची चिठ्ठी. मैत्रिणीने खाली बाळबोधीत उतरवून दिलंय: कोणत्या तरी मौजेचं नाव, नाचणी दोन खंडी, अंबरखाना किल्ले पन्हाळा, छ १० जिल्काद, सु॥ सन इहिदे सितैन. नाचणीच्या ओळीचं टोक कागदाच्या घडीत गेलंय. ‘सितैन’च्या पुढे कागद फाटलाय की डाग आहे, कळत नाही.

तारीख सोडवायला तुम्ही शिकलेले आहात. शुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहितात, एकं आधी: इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच. दहाच्या पटी अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन. शंभर म्हणजे मया, हजार म्हणजे अलफ. इहिदे सितैन म्हणजे एकसष्ट. पुढे ‘अलफ’ धरलं तर १०६१. शुहूर साल मृगाला सुरू होतं, म्हणून मृगसाल. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. १०६१ अधिक ५९९.

१६६०.

आणि महिना जिल्काद, चंद्र दहावा. पौर्णिमेला तीन-चार दिवस आहेत. त्या वर्षीच्या जिल्कादची पौर्णिमा म्हणजे आषाढी पौर्णिमा, म्हणजे शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ती १२ जुलैची रात्र. कागद वेढ्यातला आहे! तुमच्या हातातलं कणीस थंड झालंय. तुम्ही कमानीतून पाऊल आत टाकता.

धुकं तेच आहे. पाऊसही तोच. पण पायाखालचं डांबर गेलंय आणि झुणका-भाकरीच्या पाट्या गेल्यात. ओल्या घोंगड्यांचा आणि शेणाच्या धुराचा वास येतोय. एक बैल शिंगांवरून पाणी झटकतो, त्याच्या पाठीवरचं पोतं दोघं उतरवतात. तुम्ही त्यांच्यामागून चालत अंबरखान्यापाशी येता. भिंती त्याच, जाड, खिडक्या नसल्यागत. बाहेरच्या पडवीत एक कारकून मांडीवर पाट घेऊन बसलाय. शेजारी दौत, बोरू, वाळूची डबी, लाल रुमालात बांधलेले कागद.

“पाहुणे, भिजलात की. आत या, आत.”

तुम्ही आत बसता आणि त्याचा हात बघत राहता. आधी तो कागदावर डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ ओढतो, मग तिच्याखाली अक्षरं सोडत जातो. बोरू उचलतच नाही. एक अक्षर संपलं की त्याचं शेपूट पुढच्या अक्षराचं डोकं होतं. शब्दांमध्ये जागा नाही, विराम नाही. रेघ भरली की खालची रेघ. गाठी नसलेली माळ तुम्ही आत्ताच कुठे तरी पाहिलीत.

“हे ‘रा॥’ म्हणजे?”

कारकून मान वर करतो. इतका सोपा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसावा. “नावाआधी आलं तर राजश्री. गावाआधी आलं तर राहणार.”

“आणि ‘मौ॥’?”

“मौजे. ‘नि॥’ निसबत. ‘गु॥’ गुजारत, कुणाच्या हातून आलं ते. ‘छ’ म्हणजे चंद्र.” तो हसतो. “पोराला पाटीवर बसवून शिकवायचं ते तुम्हांला शिकवतोय मी.”

कागद महाग, बोरूला सारखं तासावं लागतं, आणि बाहेर पोती भिजताहेत. दिवसातून शंभर वेळा ‘राजश्री’ लिहायचं असेल तर त्याचं ‘रा॥’ व्हायलाच हवं. दिवसातून एकदा लिहायच्या शब्दाला मात्र तो काटछाट करत नाही, सबंध लिहितो. हफमनच्या आधी निदान दोनशे वर्षं या पडवीत तोच हिशेब चाललेला आहे. फक्त कुणी तो मांडून दाखवलेला नाही. तुमच्या आजोबांच्या पोस्टकार्डावरचं ‘सा. न. वि. वि.’ याच पडवीतून आलं. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, चार शब्दांना चार अक्षरं. आणि लग्नपत्रिकेतले चि., सौ., कां. हेही.

पण फरक आहे आणि तो लहान नाही. हफमनचा संकेत कुठेही आला तरी एकच अर्थ देतो. कारकुनाचा ‘रा॥’ जागा बघून अर्थ बदलतो. ‘ता॥’ तर त्याहून खट्याळ आहे, तालुका, तर्फ, तारीख, काय हवं ते घ्या. तो सोडवायचा तक्ता कागदावर नाही. तो कारकुनाच्या डोक्यात आहे, त्याच्या बापाच्या डोक्यातून आलाय. कागद आणि डोकं एकत्र असेपर्यंत कसलीच अडचण नाही.

तो चिठ्ठीच्या तळाशी येतो. छ १० जिल्काद. सु॥ सन इहिदे सितैन. आणि थांबतो, वाळू टाकतो, झटकतो.

“पुढे?”

“पुढे काय?”

“मया, अलफ... शंभर, हजार.”

“ते कशाला?” आता तो खरोखर बुचकळ्यात पडलाय. “हे कुठलं शतक ते सगळ्यांना ठाऊक आहे.”

बाहेर अजून एक बैल आलाय. तुमच्या डोक्यात काही तरी खटकतं. वेढ्यातल्या गडावर बैल वर येतातच कसे? सिद्दी जौहरने मार्चपासून गड आवळलाय, राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून दिल्यात, पाखरू वर येत नाही असं आपण शाळेत वाचलं. आणि इथे तर गाडीभर नाचणी आली, कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही.

तुम्ही सावधपणे विचारता, “सिद्दीची छावणी कुठवर आलीय?”

“कोण सिद्दी?” मग त्याला उमगतं, तो मोठ्याने हसतो. “जौहर? अहो, ते थोरल्या महाराजांच्या वेळचं. आमचे पणजोबा होते तेव्हा गडावर.”

पायाखालची जमीन शंभर वर्षांनी सरकते. खात्री करायला एकच उपाय सुचतो. पाध्यांचं घर विचारता. केशव पाध्ये, गणेश पाध्ये. त्यांच्याकडे शिकलेला, १७२९ साली याच गडावर जन्मलेला रामजीपंतांचा मोरेश्वर, म्हणजे कवी मोरोपंत. “पराडकरांचा? तो बारामतीला, नाइकांकडे. केव्हाच गेला. आर्या करतो म्हणे.”

हे १७६० आहे.

इहिदे सितैन मया व अलफ. ११६१. शुहूरचा तोच एकसष्टावा, मध्ये फक्त एक ‘मया’. कारकुनाने गाळलेल्या त्या दोन अक्षरांत एक सबंध शतक होतं.

आता तुम्हाला जे ठाऊक आहे ते त्याला नाही. गडावर करवीरच्या संभाजी महाराजांचं राज्य आहे. याच डिसेंबरात महाराज जातील. आणि हे मृगसाल संपायच्या आत, येत्या जानेवारीच्या चौदा तारखेला, पानिपत. त्या दिवसाच्या कागदांवरही ‘इहिदे सितैन’च लिहिलं जाईल. पन्हाळ्याहून सुटलेली रात्र आणि पानिपतावर बुडालेला दिवस यांना कालगणनेने एकच शिक्का दिला आहे. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा कुणी तरी मुद्दाम रचलीय असं वाटलं होतं. कुणी रचलेली नाही, बेरीज करून पाहा.

तुम्ही उठता. कारकून कागद रुमालात बांधतो. कोणता रुमाल, ते बघायला हवं होतं.

परतीच्या वाटेवर एक थांबा घ्यावाच लागतो, जरी तो गडावर नसला तरी. कोल्हापूर, एकोणिसाव्या शतकाचं नववं दशक. राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक रात्री कंदिलाशी बसलेत. मराठीत रसायनशास्त्र लिहिणारा, कोल्हापूर संस्थानाचा इतिहास लिहिणारा हा माणूस आत्ता नुसते आकडे लिहितो आहे. शक, इसवी सन, हिजरी, फसली, शुहूर. शेजारी शेजारी स्तंभ, दिवसामागून दिवस, पानामागून पान, शके १६५० ते १८११, म्हणजे १७२८ ते १८८९. ही त्यांची जंत्री.

शुहूर सालात ५९९ मिळवणं कुणालाही जमतं. चांद्र महिन्यातला दहावा चंद्र इंग्रजी कोणत्या तारखेला पडला हे काढायचं तर मात्र प्रत्येक वेळी फाट्याफाट्यावर थांबावं लागतं. अधिक महिने, क्षय तिथी, चंद्रदर्शन. मोडकांनी ते सगळे फाटे एकदाच चालून टाकले. मागून येणाऱ्याने फक्त घरात डोकवायचं. फोनमधला प्रोग्राम माळ सोडवायच्या आधी २५६ घरं भरतो तेव्हा तो हेच करत असतो, फक्त त्याला एक क्षणही लागत नाही. मोडकांच्या रात्री किती गेल्या असतील! इतिहासाच्या पुस्तकांत लढाया जिंकणाऱ्यांची नावं ठळक असतात, जंत्री करणाऱ्यांची तळटीपेत. हे मला कधीच पटलेलं नाही.

पण मोडकांची जंत्री १७२८ च्या मागे जात नाही. १६६० चा कागद तिच्या बाहेर राहतो. त्याआधीचं शतक सोडवायला ग. स. खऱ्यांची शिवकालीन जंत्री हवी. म्हणजे कोणता तक्ता उघडायचा हे ठरवायलाच आधी शतक ठाऊक पाहिजे, आणि शतक तर कारकुनाने गाळलंय.

निदान ऋतू तरी सांगेल, असं तुम्हाला वाटतं. हिजरी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरतात, तेव्हा एका शतकात जिल्काद पावसात असेल तर दुसऱ्यात हिवाळ्यात असेल. दोन्ही जंत्र्या शेजारी ठेवून बघा. १६६० चा दहावा जिल्काद आषाढी पौर्णिमेच्या तोंडावर, १७६० चा जूनच्या उत्तरार्धात. दोन्ही पावसातच! शंभर सौर वर्षांत एकशेतीन चांद्र वर्षं जवळजवळ चपखल बसतात, फरक पडतो तो जेमतेम चोवीस-पंचवीस दिवसांचा. नाचणीच्या पोत्यावर पडणारा पाऊस दोन्हीकडे सारखाच. वार लिहिला असता तर एका नजरेत निवाडा झाला असता. वार लिहिलेला नाही.

म्हणून पुन्हा कमान ओलांडावी लागते. या वेळी ‘मया’शिवाय, नुसतं अलफ.

आता गडावर बैल नाहीत. आवाज कमी आहेत. पावसाच्या सरींमधून खाली पायथ्याशी धुरांच्या रेघा दिसतात, छावणीच्या, गडाभोवती सगळीकडून. अंबरखान्याच्या दाराशी मापं घेऊन माणसं उभी आहेत. धान्य आत जात नाही, बाहेर येतं आहे, मोजून, प्रत्येक पायलीला दोन डोळे लागलेले. इथेही एक कारकून आहे. हात तसाच, रेघ तशीच, बोरू न उचलता. तोही तळाशी लिहितो, छ १० जिल्काद, सु॥ सन इहिदे सितैन. तुम्ही त्याच्या बोरूवर डोळे रोखून थांबता. ‘अलफ’ लिहितो का?

तेवढ्यात कुणी तरी हाक मारतं आणि तो उठतो. तुम्ही मागे राहता.

चार दिवसांनी काय होणार ते तुम्हाला पाठ आहे. राजदिंडीकडची वाट चिखलाने भरलेली असेल. दोन पालख्या निघतील. शिवा काशिदांची पालखी शत्रूच्या हाती लागेल आणि सिद्दीची माणसं तिच्यावरून जे वाचतील ते चुकीचं असेल, कारण पालखी म्हणजे महाराज हा त्यांच्या डोक्यातला तक्ता. तेवढ्या घोटाळ्यात दुसरी पालखी घोडखिंडीकडे दूर गेलेली असेल. त्या रात्रीपर्यंत थांबावंसं वाटतं. पण तुम्ही आलात ते एका क्रियापदासाठी.

नाचणी दोन खंडी. पुढे काय? ‘आली’ असेल तर हा कागद या गडावरचा, या आठवड्यातला असूच शकत नाही. वेढ्यातल्या गडावर मौजेहून नाचणी येत नाही. मग तो त्या हसऱ्या कारकुनाचा, १७६० चा. ‘दिल्ही’ असेल तर दोन्ही वर्षं उभी राहतात, आणि मग कागदाचा पोत, शाई, अक्षराचं वळण, त्या मौजेचे इतर कागद, सगळं बघत बसायचं.

तीन दरवाजा. डांबर. कणीसवाला विस्तव फुंकतोय. फोनवर फोटो तसाच उघडा आहे. तुम्ही घडीपाशी दोन बोटांनी मोठं करता. अक्षरं मोठी होत नाहीत, चौकोन मोठे होतात. आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन, प्रत्येकाचा आपला करडा. हा दोष हफमनच्या तक्त्याचा नाही, त्याने जे बांधलं होतं ते टिंबाटिंबाने परत दिलंय. त्याच्या आधीच, फोटो लहान करताना, बारीक रेघा डोळ्यांना कुठे कळतात म्हणून पुसून टाकलेल्या आहेत. ‘सितैन’च्या पुढचा डागही तसाच, तिथे म असेल, अ असेल, कसर लागलेली असेल.

तुम्ही मैत्रिणीला लिहिता: घडीत काय आहे, आली की दिल्ही?

तिचं उत्तर रेंजबरोबर पाच मिनिटांनी येतं. “घडी उघडलेली नाही. कागद कडक झालाय, जोर केला तर तुटेल. ओलसर करून ठेवलाय, संध्याकाळी उघडेन.” मग आणखी एक. “तू काय म्हणतोस, सोळाशे की सतराशे?” तुम्ही सोळाशे टाइप करता, पुसता.

पन्हाळ्याच्या स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली आहे. अंतर वीसेक किलोमीटर, धुक्यात जरा जास्त वेळ. खिडकीची काच ओली आहे आणि पुढच्या बाकावर एक म्हातारा तिकिटाच्या मागे काही तरी हिशेब लिहितोय. ओळीच्या सुरुवातीला ‘रा.’ असं वाचता येतं.

गाडी चार दरवाजाच्या जागेवरून उतरणीला लागते.